स्नॅप स्टोअरचा सर्व्हरकडचा कोड खुला करावा का?

लॅबवाला
उबुंटू या लिनक्स प्रणालीत ‘स्नॅप’ प्रकारची ॲप्स बसवणारं आणि अपडेट करणारं स्नॅपडी जीपीएल ३ या परवान्याखाली खुलं आहे. पण ज्या स्टोअरमधून ते माल उचलतं, त्या स्नॅप स्टोअरच्या सर्व्हरचा कोड उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने बंद ठेवलाय. तो खुला व्हायलाच हवा, असं माझं मत.

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ४० मशिन्स आणि नेटची एकच लाइन. एका जुन्या पीसीवर ॲप्ट-कॅशर-एनजी टाकलं, म्हणजे एकदा उतरवलेली पॅकेजेस साठवून ठेवणारं सॉफ्टवेअर. पहिल्या मशीनने डेब फाइल (उबुंटूचं स्नॅपआधीपासूनचं पॅकेज) उतरवली की बाकीची ३९ तिथूनच घेतात, प्रॅक्टिकल अडत नाही. हे जमतं कारण डेब पॅकेजेस बसवणाऱ्या ॲप्टचा सर्व्हर म्हणजे साधं फोल्डर आणि सही केलेल्या याद्या. कोणाची परवानगी लागत नाही. उबुंटू २२.०४ पासून मात्र ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स’ मारलं तरी येतो तो स्नॅपच. रोजचा ब्राउझर ज्या वाटेने येतो ती वाट पाहताही येऊ नये?

रात्रपाळी
असहमत. लाँचपॅड ही कोड आणि बग सांभाळणारी साइटही कॅनॉनिकलचीच. खूप मागणी झाली आणि जुलै २००९ मध्ये एजीपीएल ३ या खुल्या परवान्याखाली तिचा कोड बाहेर आला. त्यावर कोणी दुसरं लाँचपॅड नांदवलेलं मी तरी पाहिलं नाही. कोड साफ करणं, डॉक्युमेंटेशन लिहिणं, बाहेरचे पॅच वाचणं यात माणसांचे तास जातात. ते तास मालाच्या तपासणीवर घाला. मे २०१८ मध्ये स्टोअरमधल्या २०४८बंटू या गेममध्ये क्रिप्टो-मायनर (वापरणाऱ्याच्या मशीनवर गुपचूप आभासी चलन कमावणारा कोड) निघाला, तो तपासणी अपुरी पडली म्हणून. सर्व्हरचा कोड बंद होता म्हणून नव्हे. आणि लॅबसाठी स्नॅप स्टोअर प्रॉक्सी, म्हणजे स्टोअर आणि तुमच्या मशिन्समधला सर्व्हर, आहे की.

लॅबवाला
त्या प्रॉक्सीची नोंदणीही त्यांच्याकडेच करावी लागते. सगळी दोरी एकाच हातात, हाच तर आक्षेप आहे. २०२० मध्ये उबुंटूवर बेतलेल्या लिनक्स मिंट २० ने स्नॅपडी अडवलं तेही याच कारणाने.

किल्लीदार
तुम्ही दोघंही कोडवर भांडताय, मुद्दा किल्लीचा, म्हणजे डिजिटल सही तपासायच्या किल्लीचा आहे. प्रत्येक पॅकेजसोबत सहीची चिठ्ठी येते, तिला असर्शन म्हणतात. ती तपासायची मूळ किल्ली कॅनॉनिकलची, स्नॅपडीच्या पोटातच बसवलेली. उद्या कोड मिळाला आणि तुम्ही सर्व्हर उभा केलात, तरी उबुंटू तुमची सही ओळखणार नाही. फ्लॅटपॅक या स्नॅपसारख्याच दुसऱ्या पद्धतीत ‘रिमोट-ॲड’ने हवा तो सर्व्हर जोडता येतो. मागायचंच तर ते मागा.

रात्रपाळी
शिवाय छापलेला कोड आणि तिकडे चालू असलेला कोड एकच आहे, हे कशावरून ताडणार?

लॅबवाला
त्यांच्या सर्व्हरवरचा नाही ताडता येणार, मान्य. माझ्या लॅबमधला येईल. म्हणून मला दोन्ही हवं, किल्ली बदलायची सोय आणि कोडही. नुसत्या सोयीवर सर्व्हर पहिल्यापासून लिहायला आमच्याकडे माणसं कुठे आहेत?

रात्रपाळी
सोयीच्या मागणीवर माझं नाव घाला. कोडच्या नको.