प्रतिसाद: जाड बिट म्हणजे मवाळ बिट नव्हे
घोड्याच्या तोंडात बसणारी लगामाची दांडी, म्हणजे बिट, निवडताना 'जाड बिट घ्या, ते मवाळ असतं' असं वर कुणीतरी सुचवलंय. दर वेळी नाही हो. जीभ मांसल आणि टाळू बसका असला की तोंडात जागाच उरत नाही. आमची घोडी सारखी जीभ बाहेर काढायची. 18 मिलिमीटर जाडीचं बिट काढून 14चं, दोन सांध्यांचं, मध्ये चपटा मणी असलेलं घातलं, तेव्हा कुठे शांतपणे चघळायला लागली. बिटच्या रुंदीचं म्हणाल, तर तोंडाच्या कोपऱ्यांबाहेर दोन्ही बाजूंना साधारण 5-5 मिलिमीटर मोकळी जागा हवी.

पण खरेदीआधी दात दाखवून घ्या. काही घोड्यांना पहिल्या दाढेपुढे बारका 'वुल्फ टूथ' असतो. त्यावर बिट आपटत असेल तर कितीही भारीतलं घाला, घोडा मान झटकणारच.