दोघांचा चेंडू एकच
थ्री-एक्स-थ्री, म्हणजे तीन विरुद्ध तीन बास्केटबॉल, हा नुसता अर्ध्या कोर्टावरचा टाइमपास आहे, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. १० मिनिटं किंवा २१ गुण झाले की सामना संपला, आणि शॉटसाठी जेमतेम १२ सेकंद. दम खायला फुरसतच नसते. पॅरिस २०२४ ऑलिंपिकची पुरुषांची फायनल आठवा: जादा वेळेत दोन गुणांचा शॉट, नेदरलँड्स १८, फ्रान्स १७, तेही फ्रान्सच्या घरी!

चेंडूबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. इथे पुरुष आणि महिला एकाच चेंडूने खेळतात: आकार सहा नंबरचा, म्हणजे महिलांच्या नेहमीच्या चेंडूएवढा, पण वजन सात नंबरचं, म्हणजे पुरुषांच्या जड चेंडूएवढं. मी कॉलेजात साध्या सहा नंबरने खेळायचे. हा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा लांबचे सगळे शॉट रिंगच्या अलीकडेच पडले. म्हणूनच पॅरिसलाच जर्मनीच्या मुलींनी याच चेंडूने स्पेनला १७-१६ हरवून घेतलेलं सुवर्ण मला फार मोलाचं वाटतं.