मदत हवी आहे: डक कॉल ओला झाला की आवाज बसतो

अमेरिकेतल्या आर्कान्सात राहतो. घरच्या छोट्या लेथवर बदकांना साद घालायच्या लाकडी शिट्ट्या, म्हणजे डक कॉल, करतो. पद्धत इथलीच, एका रीडची, म्हणजे फुंकल्यावर थरथरून आवाज करणाऱ्या एकाच पातळ पातीची. बाहेरची नळी छान होते, अडचण आतल्या भागाची आहे.

काळ्या अक्रोडाचा कॉल कोरडा असताना उत्तम वाजतो. थोडा वेळ फुंकला की श्वासातली ओल टोन बोर्डात, म्हणजे रीडखालच्या वक्र पट्टीत, मुरते. मग आवाज जाड होतो आणि शेवटी रीड चिकटते. पट्टी पुन्हा वाळली की सूर परत येतो, म्हणून वक्र चुकला असावा असं वाटत नाही. तोच जिग, म्हणजे वक्र कापायचा साचा, वापरून ओसेज ऑरेंज या लाकडाचा केला, त्याला हा त्रास नाही.

करून पाहिलेलं: रीडचे कोपरे गोल केले, खालची बाजू बारीक पॉलिश पेपरने खरवडली, चिकटणं कमी झालं, आवाज बसणं तसंच. पातळ सुपरग्लूचा हात दिला तर पट्टीवर थर चढून सूरच बदलला. तुंग तेलाने फारसा फरक नाही.

रीड ०.०१० इंच मायलरची (प्लास्टिकची पातळ फिल्म), रीड धरून ठेवणारी बुचाची पाचर नवी, लाकूड भट्टीत वाळवलेलं. लाकडात द्रव खोलवर मुरवायला लागतो तो व्हॅक्यूम पंप नाही. आतला भाग अ‍ॅक्रिलिकचा केला तर प्रश्न मिटेल हे ठाऊक आहे, पण मला पूर्ण लाकडीच हवाय. त्याच्या आवाजातला उबदारपणा अ‍ॅक्रिलिकमध्ये मला सापडत नाही.

तर पट्टीचा वक्र न बदलता अक्रोडात आत मुरेल आणि ओल अडवेल असं काय लावावं? आणि ते वक्र कापण्याआधी लावायचं की नंतर?