मदत हवी आहे: रोझमेरीच्या तेलाला उकडल्यासारखा वास येतोय

नमस्कार मंडळी. रोझमेरीच्या पानांतलं सुगंधी तेल काढायचा प्रयत्न चालू आहे. सध्या पानं पाण्यातच बुडवून उकळते, वाफ कंडेन्सरमध्ये थंड करते आणि वर तरंगणारं तेल वेगळं काढते. तेल निघतं, पण ताजं पान बोटांत चुरडल्यावर कापराची झाक असलेला जो तरतरीत वास येतो, तो त्यात उतरत नाही. पहिले थेंब सुरेख असतात, पुढे मात्र उकडलेल्या पाल्याचा दर्प मिसळत जातो. सिनिओलचा (रोझमेरीच्या तेलातला एक मुख्य सुगंधी घटक) उत्कलनबिंदू १७६ अंश सेल्सिअसच्या आसपास असला तरी पाण्याच्या वाफेबरोबर ते १०० च्या आतच निघून येतं. त्यामुळे मला तरी वाटतं, पानं पाण्यात शिजतात हाच खरा घोळ आहे.

पानं जाळीवर ठेवून खालून नुसती वाफ सोडली तर फरक पडेल का? ताजी घ्यावीत की सावलीत वाळवलेली? सुरुवातीचं तेल वेगळ्या बाटलीत धरावं का? हेक्झेनसारखं द्रावक अजिबात नको, तेल त्वचेसाठी पातळ करून वापरायचंय. ज्यांनी स्वतः हे केलंय, त्यांनी कृपया जरा सविस्तर सांगा.