आयईएलटीएस टास्क वन: ठरलेली वाक्यं पाठ करून घेणं थांबवावं का?

खडूफळा
मी इंग्रजीच्या परीक्षांची तयारी करून घेते. परवा तक्त्यावरची उत्तरं तपासताना डोक्याला हात लावून बसले, म्हणून हा धागा काढतेय.

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आयईएलटीएस म्हणजे इंग्रजी किती येतं ते तपासणारी, परदेशी विद्यापीठं मागतात ती परीक्षा. तिच्या अकॅडमिक प्रकारात लेखनाला एकूण 60 मिनिटं असतात. पहिल्या प्रश्नात, म्हणजे टास्क वनमध्ये, आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखाद्या प्रक्रियेची आकृती येते. त्यातलं ठळक ते निवडून, जिथे जमेल तिथे तुलना करून किमान 150 शब्द लिहायचे. दुसरा प्रश्न म्हणजे किमान 250 शब्दांचा निबंध, आणि त्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. त्यामुळे पहिल्यावर 20 मिनिटांहून जास्त घालवू नका, असं सगळेच सांगतात.

मी सरावाला एका सर्वेक्षणाचा तक्ता दिला होता. आकडे माझ्या मनाचे आहेत, कुठे वापरू नका. प्रश्न होता, तुम्ही मुख्यतः वाचता कसं?

18 ते 30 वर्षं: छापील पुस्तक 22 टक्के, स्क्रीनवर 58, ऐकून 20
31 ते 50 वर्षं: छापील 41, स्क्रीन 44, ऐकून 15
51 आणि पुढे: छापील 68, स्क्रीन 24, ऐकून 8

निम्म्याहून जास्त उत्तरांत हे वाक्य होतं: 'ओव्हर द पीरियड, देअर वॉज अ ड्रॅमॅटिक इन्क्रीज इन प्रिंटेड बुक्स.' अहो, कुठला पीरियड? तक्त्यात साल नाही की महिना नाही. एकदाच विचारलेला प्रश्न आहे आणि तीन वयोगटांची उत्तरं शेजारी शेजारी मांडली आहेत. पण क्लासमध्ये पाठ करून घेतलेल्या साच्यात 'ओव्हर द पीरियड' आहे ना, मग ते लिहायचं! एकाने तर 22, 41 आणि 68 यांची बेरीज करून 131 टक्के लोक छापील पुस्तकं वाचतात असं लिहिलं. व्याकरणाची एक चूक नाही वाक्यात.

माझं म्हणणं सरळ आहे. साचा हातात आला की मुलं तक्ता वाचतच नाहीत, कुठल्या रिकाम्या जागेत कुठला आकडा बसतो तेवढं शोधतात. हे पाठांतर बंद व्हायला हवं.

सेकंड अटेम्प्ट
खडूफळाताई, फळ्यापाशी उभं राहून हे म्हणणं सोपं आहे. मी पहिल्यांदा कुठलाही साचा न घेता गेलो. तक्ता नीट वाचला, विचार केला, खाडाखोड केली. घड्याळ पाहिलं तर 35 मिनिटं उडालेली. दुसऱ्या निबंधाचा शेवटचा परिच्छेद लिहिताच आला नाही. लेखनाला 5.5 बँड, म्हणजे 9 पैकी 5.5 गुण.

दुसऱ्या वेळी आठ-दहा वाक्यं घोकून गेलो. पहिला प्रश्न 16 मिनिटांत हातावेगळा, 6.5 मिळाले. आता विद्यापीठाला 7 हवेत म्हणून तिसऱ्यांदा बसतोय, हा भाग वेगळा.

ज्याला इंग्रजीत विचार करायची सवय नाही त्याला सुरुवातीचं वाक्य सुचेपर्यंतच घाम फुटतो. पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतातच की. डबा बांधला म्हणून कुणी बुडालेलं ऐकलं नाही.

अर्धविराम
बुडत नाही, पण डबा न सोडता शर्यतीला उतरला तर?

थोडं निकषांबद्दल लिहितो, कारण ते जाहीर असूनही फार कमी जण वाचतात. गुण चार गोष्टींना सारखे असतात: विचारलेलं काम किती नीट झालं, मांडणीचा ओघ, शब्दसंपदा, व्याकरण. पहिल्या निकषात सगळा जोर 'ओव्हरव्ह्यू'वर आहे, म्हणजे आकड्यांच्या आधी किंवा नंतर एक-दोन वाक्यांत एकूण चित्र काय दिसतं ते सांगणं. एकामागून एक आकडे वाचून दाखवले आणि एकूण चित्र कुठेच नाही, की उत्तर 5 च्या आसपास अडकतं. पाठ केलेले शब्दसमूह अस्थानी वापरण्याचा उल्लेख तर खालच्या बँडच्या वर्णनात थेट आहे.

म्हणून माझं मत दोघांपेक्षा जरा निराळं. सांगाडा पाठ असावा: आधी प्रश्न आपल्या शब्दांत, मग एकूण चित्र, मग तपशिलाचे दोन परिच्छेद. वाक्यं पाठ नसावीत. विशेषतः विशेषणं! मी 41 वरून 44 वर गेलेल्या आकड्याला 'स्कायरॉकेटेड' लिहिलेलं पाहिलंय. तीन टक्क्यांना रॉकेट लावलं तर दुप्पट झाल्यावर काय लावणार?

उगाचउत्तर
इथे सगळे गणिताचे मास्तर जमलेले दिसतात. ही भाषेची परीक्षा आहे हो. ज्याने 131 टक्के लिहिलं त्याचं इंग्रजी चांगलं आहे हे ताईच म्हणतात. मग गुण कशाचे कापायचे? बेरजेचे?

आणि एक ताईंसाठी. वयानुसार आकडा वाढतो, 'राइजेस विथ एज', हे इंग्रजीत अगदी चालतं. काळ नसला म्हणजे 'वाढ' हा शब्दच हद्दपार, असं कुठे आहे?

खडूफळा
दुसरा मुद्दा मान्य. मी वर्गात 'इन्क्रीज' शब्दावरच काट मारली होती, ते जास्तच झालं. पण 'राइजेस विथ एज' लिहिणाऱ्याने तक्त्याची बाजू कुठली आणि वरची ओळ कुठली हे पाहिलेलं असतं. 'ओव्हर द पीरियड' लिहिणाऱ्याने पाहिलेलं नसतं. चूक त्या एका शब्दाची नव्हती.

पहिल्या मुद्द्यावर अजिबात नाही. समोर जे आहे ते न सांगता भलतंच सांगणं, ही भाषेचीच चूक आहे. साक्षीदार अस्खलित बोलला पण वेगळ्याच अपघाताबद्दल बोलला, तर कोर्ट त्याला काय म्हणेल?

सरासरी
पोट सर्वेक्षणांवरच चालतं, म्हणून राहवलं नाही. साच्याचं तुम्ही बघून घ्या. मला खटकतात त्या गोष्टी साचा असो-नसो होतातच.

22 आणि 68 यांतला फरक '46 टक्के जास्त' असा लिहितात. तो 46 पर्सेंटेज पॉइंटचा फरक आहे, म्हणजे दोन टक्केवाऱ्यांची नुसती वजाबाकी. टक्केवारीत बोलायचं तर 68 हे 22 च्या तिपटीहूनही किंचित जास्त आहे. 'मोअर दॅन थ्री टाइम्स अ‍ॅज हाय' लिहा, सोपं आहे आणि बरोबरही.

मग ती बेरीज. प्रत्येक वयोगट स्वतःच 100 आहे, त्यामुळे आडवी बेरीज जुळते, उभी जुळत नाही. उभ्या आकड्यांची सरासरीही काढता येत नाही, कारण कुठल्या गटात किती माणसं होती ते तक्त्यात दिलेलंच नाही. 'एकूण पाहता बहुतेक लोक छापील वाचतात' हे वाक्य या तक्त्यावरून कुणालाही लिहिता येणार नाही.

आणि सगळ्यात आवडता मुद्दा: 'पीपल' नव्हे, 'रिस्पॉन्डंट्स'. उत्तर देणारे म्हणजे सगळे लोक नव्हेत. अमेरिकेत 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या. 20 लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांवरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे असणार? शिवाय ज्यांनी उलट टपाली पाठवायची तसदी घेतली तेवढ्यांचंच मत मोजलं गेलं. त्या 20 लाखांनी काय सांगितलं हे खरं होतं, देश काय म्हणतो हे खरं नव्हतं.

परीक्षेत एवढं कुणी तपासत नाही, ठाऊक आहे. पण एका शब्दाचं तर काम आहे.

उगाचउत्तर
म्हणजे आता 20 मिनिटांत 1936 ची निवडणूकही आली. धन्य.

बरं, कारणं लिहायची की नाही? आमच्या वेळी सर सांगायचे, शेवटी एक-दोन कारणं टाका, उत्तर भारदस्त दिसतं. म्हाताऱ्यांना स्क्रीनचा त्रास होतो वगैरे.

अर्धविराम
नाही. कारण तक्त्यात नसेल तर उत्तरातही नको. पहिल्या प्रश्नात मत आणि तर्क मागितलेलेच नाहीत, ती हौस दुसऱ्या निबंधात भागवा. आणि प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवू नका, उतरवलेले शब्द मोजणीत धरत नाहीत.

सेकंड अटेम्प्ट
ठीक. चॅलेंज म्हणून आज रात्री साचा बंद करून ताईंच्या तक्त्याचा ओव्हरव्ह्यू लिहिला. हसू नका.

'ओव्हरऑल, द ओल्डर द रिस्पॉन्डंट्स वेअर, द मोअर लाइकली दे वेअर टु रीड प्रिंटेड बुक्स, व्हाइल स्क्रीन्स वेअर बाय फार द मोस्ट पॉप्युलर चॉइस अमंग द यंगेस्ट. लिसनिंग वॉज द लीस्ट कॉमन इन एव्हरी ग्रुप.'

लागलेला वेळ: 11 मिनिटं. दोन वाक्यांना! उरलेल्या नऊ मिनिटांत बाकीचे शंभर-सव्वाशे शब्द तुमच्यापैकी कोण येऊन लिहिणार आहे?

सरासरी
'रिस्पॉन्डंट्स' लिहिलंत. माझ्याकडून 9 बँड.

खडूफळा
छान लिहिलंय, खरंच. 'बाय फार'ही शोभतंय, 58 आणि 22 मध्ये अंतर आहेच तेवढं. मधला गट मात्र सुटला. तिथे 41 आणि 44, म्हणजे दोन्ही जवळपास बरोबरीत, आणि तुलनेला तीच जागा सगळ्यात चांगली. तपशिलाच्या परिच्छेदाची सुरुवात तिथून करा, पुढचे आकडे दोन्ही बाजूंनी आपोआप येतात.

अकरा मिनिटांचं म्हणाल तर उद्या दुसरा तक्ता घेऊन बसा आणि वेळ लावा. सात-आठवर येईल.

सेकंड अटेम्प्ट
परीक्षा पुढच्या शनिवारी आहे. उद्या बसतोच.

तोवर 'द ओल्डर, द मोअर लाइकली' वहीत लिहून ठेवलंय. पाठ नाही केलं. अजून तरी.