वरची मर्यादा: सी एक्स्टेन्शनचं वेगळं आहे

पायथनची लायब्ररी ज्या पॅकेजेसवर अवलंबून असते त्यांची तिने फक्त किमान आवृत्ती लिहावी, वरची मर्यादा ('अमुक आवृत्तीच्या पुढची नको') घातली की पिप, म्हणजे पॅकेजेस बसवणारं साधन, अडकतं, असं एक मत आहे. ते निव्वळ पायथन कोडपुरतं पटतं. पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये (पॅकेजेस बसवायची वेगळी जागा) पॅकेजची एकच आवृत्ती राहते. जावास्क्रिप्टच्या एनपीएम किंवा रस्टच्या कार्गोसारख्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदत नाहीत. सगळ्यांनीच मर्यादा घातल्या तर भांडण ठरलेलंच.

पण सी एक्स्टेन्शन (पॅकेजमधला सी भाषेत लिहून कंपाइल केलेला भाग) आलं की प्रश्न एपीआयचा (कोडमध्ये कोणती फंक्शन्स कशी वापरायची) नसतो, एबीआयचा (कंपाइल झालेले भाग एकमेकांशी जुळतात का) असतो. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजचं २.० आलं, तेव्हा त्याच्या १.x वर कंपाइल केलेली इतर पॅकेजेसची व्हील्स (तयार बांधलेल्या फाइल्स) त्याच्यासोबत चालेनाशी झाली. किमान आवृत्तीच लिहिलेली पॅकेजेस पिपने बिनतक्रार बसवली आणि एरर आली ती थेट इम्पोर्टच्या वेळी. (उलट दिशेने सोय आहे: २.० वर बांधलेलं व्हील १.x च्या बऱ्याच आवृत्त्यांवरही चालतं.)

आणि मर्यादा नंतर घालूनही भागत नाही. पायपीआयवर (पॅकेजेसचं सार्वजनिक भांडार) चढलेल्या व्हीलचा मेटाडेटा, म्हणजे त्यात लिहिलेल्या मर्यादाही, बदलता येत नाही. नव्या रिलीजमध्ये नमपाय २ पेक्षा कमी असं लिहिलं, तर नमपाय २ मागणाऱ्याला पिप मागे मागे जात मर्यादा नसलेलं तुमचंच एखादं जुनं रिलीज देऊ शकतं. मग ती जुनी रिलीजेस यँक करत (पिपने आपणहून निवडू नयेत अशी खूण करत) बसा.