ती चकत्यांची भाजी खरीच आहे

'रॅटाटूई' या अ‍ॅनिमेशन सिनेमातली चकत्यांची भाजी नुसती चित्रात छान, घरी जमणार नाही, असं एकानं म्हटलंय. मला पटत नाही. फ्रेंच शेफ मिशेल गेरार यांनी १९७६ साली मांडलेला हा प्रकार अमेरिकन शेफ थॉमस केलर यांनी २००७ च्या त्या सिनेमासाठी बेतून दिला.

परभणीत मला झुकिनी (काकडीसारखी दिसणारी भाजी) मिळाली नाही, म्हणून कोवळा दुधी घेतला. वांगी, टोमॅटो घरचेच. पहिल्या खेपेला चकत्या जाड झाल्या, वांगं कच्चं राहिलं. खरी चव तळाशी असते: भाजलेली लाल ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा, लसूण दाट होईतो आटवायचं आणि चकत्या त्यावर रचायच्या. ओव्हन नाही? जाड बुडाची कढई, घट्ट झाकण, अगदी मंद आच, दीड तास. पाणी थेंबभरही नको. दुसऱ्या दिवशी गारच, ज्वारीच्या भाकरीसोबत खाल्ली. आईनं पुन्हा मागून घेतली.